दम आधी तयार होतो, हाडं नंतर

नेमाने पळायला लागल्यावर साधारण दोन महिन्यांत दम वाढतो. ज्या चढावर मध्येच थांबावं लागायचं तिथे आता गप्पा मारत जाता येतं, आणि आठ किलोमीटर जमतात तर बारा का नाही, असं वाटू लागतं. हौशी रनर बहुतेक वेळा इथेच अडकतात, कारण शरीराचे सगळे भाग एका वेगाने तयार होत नाहीत. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण काही दिवसांत वाढतं. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात. टेंडनला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोराला, महिने लागतात. हाडाचं तर वेगळंच आहे. ताण वाढला की हाड आधी आपला जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवा भरतं. हे एक चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने जातात, आणि पोखरून झालंय पण भरून यायचंय अशा मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कमकुवत असतं. म्हणून स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हापुन्हा पडणाऱ्या ताणाने हाडाला जाणारा बारीक तडा, सहसा अंतर वाढवलेल्या आठवड्यात होत नाही. ते काही आठवड्यांनी होतं, सगळं छान चाललेलं असताना.

बूट किती आणि कसले घ्यायचे, अंतर कसं वाढवायचं, दुखल्यावर कधी थांबायचं, खंड पडल्यावर कुठून सुरुवात करायची, हे प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. मला ते सगळे ह्या एकाच फरकाशी जोडलेले दिसतात. दमाला विचारून अंतर ठरवलं की पाय मागे पडतात.

बूट: दोन जोड्या कशासाठी

रनिंगच्या बुटाचा खरा भाग म्हणजे मिडसोल, पाय आणि खालचं रबर ह्यांच्यामधला फोमचा थर. सर्वात जुना आणि अजूनही सर्वात जास्त वापरला जाणारा फोम ईव्हीए. त्याच्या आत हवेचे बारीक कप्पे असतात, आणि प्रत्येक पावलाला ते दबून परत फुगतात. हजारो पावलांनंतर कप्प्यांच्या भिंती मोडतात, फोम चपटा होत जातो आणि परत फुगणं कमी होतं. टीपीयूचा फोम जड असतो पण जास्त टिकतो आणि थंडीत ईव्हीएइतका कडक होत नाही. पेबा जातीचा फोम सर्वात हलका आणि सर्वात उसळणारा. शर्यतीचे बहुतेक महाग बूट त्याचेच असतात, आणि त्यांची उसळी लवकर उतरते.

दोन जोड्या आलटूनपालटून वापराव्यात ह्याचं कारण म्हणून ‘फोमला विश्रांती मिळते’ असं सांगितलं जातं. ते अगदी खोटं नाही, पण माझ्या मते तो फायदा लहान आहे. बूट आतून पूर्ण सुकतो हा त्याहून मोठा, कारण ओलसर बुटात फोड लवकर येतात. मुख्य कारण मात्र वेगळंच आहे. प्रत्येक बुटाची उंची, टाच आणि चवडा ह्यांच्यातला फरक, मऊपणा, पुढचा वळसा हे सगळं निराळं असतं, त्यामुळे ताण दर वेळी थोड्या निराळ्या जागी पडतो. लक्झेंबर्गमध्ये २६४ रनरांना २२ आठवडे पाहिलं, तेव्हा एकापेक्षा जास्त जोड्या वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. हा निरीक्षणाचा अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, तेव्हा सगळं श्रेय बुटांना देता येणार नाही. तरी एकाच जागी एकच ताण पुन्हापुन्हा पडू देऊ नये हे तत्त्व पटण्यासारखं आहे.

ह्यावरून पुढची गोष्ट उघड होते. एकाच मॉडेलच्या दोन जोड्या घेतल्या तर निम्माच फायदा मिळतो. बूट सुकतात, पण ताण तिथेच राहतो. दोन जोड्यांत खरा फरक हवा. पहिली जोडी रोजची: मऊ, टिकाऊ, ८ ते १० मिलिमीटर ड्रॉपची. ड्रॉप म्हणजे टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी ह्यांतला फरक. दुसरी थोडी हलकी आणि घट्ट फोमची, ५-६ मिलिमीटर ड्रॉपची, वेगाच्या सरावासाठी आणि आठवड्यातल्या एखाद्या छोट्या रनसाठी. आठवड्याला २५ किलोमीटरपेक्षा कमी पळणाऱ्याला एकच चांगली जोडी पुरते. तिसरी जोडी डोंगरवाटांवर जाणाऱ्याला लागते किंवा शर्यतीसाठी.

ड्रॉप बदलताना मात्र जपावं. ड्रॉप कमी झाला की पोटरी आणि तिला टाचेशी जोडणारा अकिलीस टेंडन ह्यांच्यावरचा भार वाढतो. ड्रॉप जास्त असला की तो भार गुडघ्याकडे सरकतो. म्हणून गुडघा कुरकुरत असेल तर कमी ड्रॉपचा बूट बरा वाटतो आणि अकिलीस दुखत असेल तर जास्त ड्रॉपचा. १० वरून एकदम ४ मिलिमीटरवर येणाऱ्याच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी दगडासारख्या होतात, आणि तीच चूक चार आठवडे चालू ठेवली तर टेंडनचं दुखणं मागे लागतं. नवा कमी ड्रॉपचा बूट पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातून एकदाच, तोही ३-४ किलोमीटरपुरता घालावा. पुढे दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवत सहा आठवड्यांनी तो पूर्ण वापरात आणावा.

कार्बन प्लेटच्या, म्हणजे फोममध्ये कार्बनची ताठ पट्टी बसवलेल्या, बुटांबद्दल एवढंच सांगेन की ते रोजचे बूट नाहीत. प्लेट आणि जाड फोम मिळून पायाचं काम बदलतात. पोटरीला जरा आराम मिळतो, पण ताण दुसरीकडे जातो. घोट्याच्या पुढे, पायाच्या कमानीच्या वरच्या टोकाला नॅव्हिक्युलर नावाचं छोटं हाड असतं. असे बूट वापरणाऱ्या खेळाडूंमध्ये ह्या हाडाला ताणाची दुखापत झाल्याची उदाहरणं २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. उदाहरणं मोजकी आहेत, पण ते हाड सावकाश भरून येणारं असल्यामुळे दुर्लक्ष करू नये. हे बूट आठवड्यातून एकदा वेगाच्या सरावाला घालावेत आणि शर्यतीला. शर्यतीआधी मात्र त्यांत किमान दोन रन झालेले असावेत, त्यातला एक शर्यतीच्या वेगाने दहा-बारा किलोमीटरचा. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घातलेला बूट पंचविसाव्या किलोमीटरला कुठे घासतो ते घरात चालून कळत नाही.

बूट घेताना

पाय दिवसभरात फुगतात आणि पळताना आणखी फुगतात, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत. ज्या मोज्यांत पळणार तेच घालून जावं. दोन्ही पायांची मापं उभं राहून घ्यावीत, कारण बहुतेकांचा एक पाय मोठा असतो. माप मोठ्या पायाचं धरायचं. सर्वात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी, आणि सर्वात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही. पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. रुंदी पाहायची सोपी रीत अशी: इनसोल, म्हणजे बुटाच्या आतला सुटा तळ, बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. पायाची कड इनसोलबाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे. अर्धा नंबर मोठा घेऊन ही अडचण सुटत नाही, उलट टाच सैल होते. त्याच मॉडेलमध्ये रुंद माप मिळतं का ते विचारावं.

नखं काळी पडणं ही रनरची शान समजली जाते. प्रत्यक्षात बोट पुढे आपटून नखाखाली रक्त साकळलेलं असतं, आणि त्याचं कारण बहुधा बूट लहान असणं किंवा उतारावर पाय पुढे घसरणं. दुसऱ्या कारणावर उपाय लेस बांधण्यात आहे. सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जास्तीचं भोक असतं आणि बहुतेक लोक ते मोकळंच सोडतात. लेस त्याच बाजूच्या ह्या भोकातून आत घालून छोटा फास तयार करायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून खाली आणि मागे ओढायचं आणि नेहमीसारखी गाठ मारायची. टाच जागेवर धरली जाते, आणि पायाच्या वरच्या भागावर लेस आवळायची गरज उरत नाही. तिथे फार आवळलं की बोटं बधिर होतात.

ओल्या पायाचा ठसा पाहून ‘सपाट पाय, मग अमुक बूट’ असं सांगायची पद्धत अजून चालते. अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन्स ह्या तिन्ही दलांतल्या नव्या भरतीवर हे तपासलं गेलं आहे. तळव्याच्या आकारानुसार बूट दिलेल्यांमध्ये आणि सगळ्यांना एकसारखा बूट दिलेल्यांमध्ये दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. म्हणून पायाला पहिल्या मिनिटापासून आरामाचा वाटतो तो बूट घ्यावा. ‘वापरून सैल होईल’ ही आशा रनिंगच्या बुटात सहसा फळत नाही.

बूट कधी टाकायचा ह्याचा ढोबळ आकडा ५०० ते ८०० किलोमीटर. वजनदार रनर, खडबडीत रस्ता आणि हलका फोम असेल तर खालचा आकडा धरावा. पहिल्या दिवशीची तारीख बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवावी. खालचं रबर झिजलंय की नाही ह्यावर फारसं जाऊ नका. टाचेची बाहेरची कड आधी झिजणं हे बहुतेकांचं नेहमीचंच असतं, आणि रबर धड असताना आतला फोम मेलेला असू शकतो. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून डोळ्यांच्या पातळीवर पाहा. एका बाजूला कललेला दिसला तर तो गेला. मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या असतील आणि अंगठ्याने दाबल्यावर फोम दबतच नसेल तरी गेला. सर्वात खात्रीची परीक्षा म्हणजे एका पायात जुना आणि दुसऱ्यात नवा घालून घरात दहा पावलं चालायचं. एवढ्यात कळतं. जुनी जोडी ३०० किलोमीटर झाली की नवी आणून दोन्ही बरोबर वापरल्या तर जुन्या मेलेल्या फोमवरून एकदम नव्यावर जाण्याचा धक्का बसत नाही.

बूट भिजले तर इनसोल आणि लेस काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि पहिले दोन तास ते दोनदा बदलायचे. हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवायचे नाहीत, कारण उष्णतेने डिंक सुटतो आणि फोम आकसतो. वॉशिंग मशीन नकोच.

अंतर: आठवड्याकडे पाहू नका, त्या दिवसाकडे पाहा

दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम प्रत्येकाला पाठ असतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये ह्याची नीट परीक्षा झाली. नवख्या रनरांचे दोन गट पाडले. एकाने दहा टक्क्यांच्या हिशेबाने १३ आठवडे तयारी केली, दुसऱ्याने ८ आठवड्यांत जरा भराभर. दोन्हीकडे पाचातला एक जण दुखापतग्रस्त झाला, काहीच फरक पडला नाही. मग २०२५ मध्ये घड्याळातल्या नोंदींवरून ५,२०५ रनरांचा १८ महिन्यांचा अभ्यास आला, आणि त्यातलं निरीक्षण मला फार उपयोगी वाटतं. आठवड्याचं एकूण अंतर किती वाढलं ह्यातून धोका कळत नव्हता. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वात लांब रनपेक्षा आजचा रन किती लांब, ह्यातून कळत होता. दहा टक्क्यांच्या वर गेलं की धोका वाढत होता, आणि दुपटीच्या वर गेलं की दुपटीहून जास्त.

म्हणजे दहा टक्के हा आकडा टाकून द्यायला नको, तो लावायचा कुठे ते बदलायला हवं. गेल्या महिन्यातला सर्वात लांब रन १२ किलोमीटरचा असेल तर पुढचा १३ चा. त्या दिवशी गटात सगळे १८ करत असले तरी आपण १३ लाच थांबायचं. गटाबरोबर ओढले जाणं हे मी दुखापतीच्या मोठ्या कारणांत धरतो. दहा दिवस सुट्टीवर जाऊन आलं तरी मागच्या ३० दिवसांतला लांब रन अजून हिशेबात असतो. महिनाभर खंड पडला की तो हिशेबातून जातो आणि १२ किलोमीटर पुन्हा नव्याने कमवावे लागतात.

दुसरा हिशेब लाँग रनच्या वाट्याचा. आठवड्याला ३० किलोमीटर पळणारा रविवारी एकट्या १८ चा लाँग रन करतो तेव्हा साठ टक्के भार एका दिवशी पडतो. चार दिवस पळणाऱ्याने ६, ८, ६ आणि १२ अशी विभागणी केली तर एकूण ३२ होतात आणि कोणत्याच दिवशी पाय पिळवटून निघत नाहीत. तीनच दिवस मिळत असतील तर लाँग रनचा वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत जाणारच, ते ठीक आहे. दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर पाव हिश्शाने कमी करावं. त्या आठवड्यात आपण आळस करतोय असं वाटलं तरी वाढवू नये. आधी सांगितलेलं भरून येण्याचं काम तेव्हाच होतं.

एका वेळी एकच बदल. लांबी वाढवली त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही, नवा बूट काढायचा नाही, नव्या उताराच्या रस्त्यावर जायचं नाही. उताराला लोक मोजतच नाहीत. चढावर दम लागतो म्हणून चढ कठीण वाटतो, पण मांडीचे स्नायू फाटतात ते उतारावर, कारण तिथे ते ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात.

आणि सावकाश पळणं म्हणजे खरोखर सावकाश. आठवड्यातलं सुमारे ऐंशी टक्के पळणं असं असावं की पूर्ण वाक्यं धाप न लागता बोलता यावीत. मॅरेथॉनच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे एक ते दीड मिनिट हळू, असा अंदाज धरता येतो. उकाड्यात किंवा दमट हवेत तो वेगही जास्त ठरतो. तिथे घड्याळातला पेस सोडून बोलण्याची कसोटीच लावावी. शरीराला उष्ण हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात.

कुठलं दुखणं चालवून घ्यायचं, कुठलं नाही

सर्वात आधी हाडाचं, कारण तिथली चूक सर्वात महाग पडते. नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं की बोटाने दाबत खालून वर जायचं. दुखरा पट्टा लांब असेल, पाच सेंटिमीटर किंवा जास्त, आणि पळायला सुरुवात केल्यावर थोड्या वेळाने दुखणं कमी होत असेल तर ते बहुधा शिन स्प्लिंट. दुखरी जागा एका बोटाखाली मावत असेल, पळत राहिलं की दुखणं वाढत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, त्या पायावर एकट्याने उडी मारली की कळ येत असेल, तर ते स्ट्रेस फ्रॅक्चर समजून पळणं त्याच दिवशी बंद करायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो. एक्स-रेत काही नाही म्हणून पळायला लागणं हा मोठा घोटाळा आहे. शंका असेल तर एमआरआय करावा लागतो. जांघेत खोलवर दुखत असेल तर आणखी तातडी करावी, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा सरकला तर शस्त्रक्रियेशिवाय उपाय नसतो. नडगीची पुढची बाजू, नॅव्हिक्युलर आणि करंगळीमागच्या लांब हाडाचं बूड ह्याही अशाच हट्टी जागा.

टेंडनचं गणित उलटं आहे. तिथे पूर्ण विश्रांतीने दुखणं कमी होतं, पण टेंडन आणखी दुबळा होतो आणि पळायला लागलं की पुन्हा तेच. अकिलीस सकाळी उठल्यावर आखडलेला असतो, दहा पावलांनी सैल होतो. त्यावर भार देणं हाच उपाय. स्वीडनमध्ये १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत अशी: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी वर उठायचं, चांगला पाय उचलायचा आणि दुखऱ्या पायाने सावकाश टाच खाली सोडायची. १५ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, १५ चे तीन गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दिवसातून दोनदा जमत नसेल त्यांच्यासाठी जड वजनाने सावकाश, आठवड्यातून तीन वेळा करायची पद्धतही तितकीच गुण देते असं नंतर दिसलं आहे. टेंडन टाचेच्या हाडाला चिकटतो तिथेच दुखणं असेल तर टाच पायरीखाली सोडायची नाही, जमिनीवरच करायचं. खाली ताणलं की टेंडन हाडावर दाबला जातो.

टाचेखाली सकाळच्या पहिल्या पावलांना टोचतं ते प्लांटार फॅसायटिस. तिथेही असंच टाच उचलणं उपयोगी पडतं, फक्त बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे तळव्याचा पडदा ताणला जातो. तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबून, तीन सेकंद खाली, एक दिवसाआड.

गुडघ्याच्या वाटीभोवती, जिना उतरताना किंवा फार वेळ बसून उठताना दुखत असेल तर पावलांचा वेग पाहा. मिनिटाला १६० पावलं पडत असतील आणि पळण्याचा वेग तोच ठेवून ती १६८ ते १७६ केली, म्हणजे पाच ते दहा टक्के वाढवली, तर पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. सगळ्यांनी १८० गाठायचेत हा मात्र गैरसमज. उंची आणि वेग ह्यांप्रमाणे तो आकडा बदलतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतरानंतर, विशेषतः उतारावर येणारं दुखणं आयटी बँडचं, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याचं. ते चौथ्या किलोमीटरला सुरू होत असेल तर काही दिवस तीनच पळावं, उतार टाळावा, आणि नितंबाच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. फोम रोलरवर तो पट्टा लांब करता येत नाही, तो फार चिवट असतो.

टेंडन आणि स्नायूंच्या दुखण्यासाठी एक मोजपट्टी चालते. दहापैकी तीनपर्यंत दुखलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यासारखं झालं, आणि आठवड्यागणिक वाढत नसेल तर पळणं चालू ठेवता येतं. तीनांतली एकही अट मोडली तर अंतर निम्मं. हाडाला ही मोजपट्टी लावायची नाही. आणि वेदनाशामक गोळी घेऊन पळायचं नाही, कारण मग मोजणार काय?

खंड पडल्यावर

सहनशक्तीचं किती नुकसान होतं ह्याची भीती वाजवीपेक्षा जास्त असते. चांगला सराव असलेल्या खेळाडूंना पूर्ण थांबवून १९८४ मध्ये मोजमाप केलं गेलं. तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्के घटली, आठ आठवड्यांत सुमारे १६ टक्के. पहिली घट बरीचशी रक्तातला द्रव कमी झाल्यामुळे असते आणि ती लवकर भरून निघते. सायकल चालवता येत असेल किंवा खोल पाण्यात तरंगवणारा पट्टा बांधून पळण्याची हालचाल करता येत असेल तर त्यातलाही बराच भाग वाचतो.

धोका इथेच आहे. सायकलने दम राखला जातो, पण हाडाला आणि टेंडनला पावलांचे दणके मिळालेले नसतात. परतल्यावर दम म्हणतो दहा, पाय तयार असतात तीनाला. परतलेल्यांना दुसरी दुखापत होते ती बहुधा ह्यामुळेच.

आठवडाभराचा खंड असेल तर पहिले दोन रन सावकाश करून नेहमीचा क्रम धरावा. दोन आठवड्यांनंतर आधीच्या अंतराच्या सत्तर टक्क्यांपासून, महिन्यानंतर निम्म्यापासून, आणि पहिले दोन आठवडे वेगाचा सराव नाही. दुखापतीमुळे त्याहून लांब खंड पडला असेल तर तारखेवर जाऊ नये, कसोट्यांवर जावं. सपाटीवर अर्धा तास भरभर चालून दुखत नाही. एका पायावर २० वेळा टाच उचलता येते. त्याच पायावर दहा उड्या मारून दुखत नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. हे जमलं की एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी त्रास नसेल तर पुढच्या खेपेला दोन मिनिटं पळणं, एक चालणं. मग चार आणि एक. मग सलग वीस मिनिटं. प्रत्येक पायरीवर किमान दोन खेपा. त्रास झाला तर एक पायरी मागे, एकदम शून्यावर नाही. सलग अर्धा तास झाल्यावर आधी दिवस वाढवायचे, मग अंतर, वेग सर्वात शेवटी.

तापानंतरचा खंड वेगळा. ताप असताना, छातीत कफ असताना किंवा अंग दुखत असताना पळायचंच नाही. ताप उतरून निदान दोन दिवस जाऊ द्यावेत आणि पहिला रन नेहमीच्या निम्मा करावा. छातीत दुखणं, धडधड, भोवळ ह्यांपैकी काहीही जाणवलं तर थांबून हृदयाची तपासणी करून घ्यावी. विषाणूजन्य आजारानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

वर्षभरात दोनदा हाडाची दुखापत झाली तर बूट आणि वेळापत्रक चाळत बसू नये, खाण्याकडे पाहावं. पळण्यात जाणारी ऊर्जा भरून येईल इतकं खाल्लं जात नसेल तर शरीर हाड भरण्याचं काम मागे ढकलतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ह्या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. स्त्रियांमध्ये पाळी लांबणं किंवा बंद होणं ही त्याची सर्वात स्पष्ट खूण. सलग तीन पाळ्या चुकल्या तर ‘पळणाऱ्यांचं असं होतं’ म्हणून सोडून देऊ नये. पुरुषांमध्येही हे होतं, तिथे खूण इतकी ठळक नसते, म्हणून जास्त उशिरा लक्षात येतं. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावं.

राहता राहिली नोंदवलेली शर्यत. सोळा आठवड्यांच्या तयारीतले दोन आठवडे गेले तर विशेष बिघडत नाही, वेळेचं लक्ष्य थोडं सैल करावं. पाच-सहा आठवडे गेले आणि सर्वात लांब रन २० किलोमीटरपर्यंतही पोचला नसेल, तर ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनऐवजी अर्ध मॅरेथॉन पळता येते का ते आयोजकांना विचारावं. चुकलेले लाँग रन शेवटच्या दोन आठवड्यांत उरकून घेऊ नयेत. एवढ्या उशिरा केलेल्या लांब रनाचा फायदा शर्यतीच्या दिवसापर्यंत पोचत नाही, थकवा मात्र पोचतो. त्या दोन आठवड्यांत दिवस तेवढेच ठेवावेत, प्रत्येक रन लहान करावा, आणि पायांना शर्यतीच्या वेगाची आठवण राहावी म्हणून मधल्या एखाद्या रनमध्ये त्या वेगाचे दोन-तीन किलोमीटर टाकावेत.